महालातला वाडा हेरिटेज यादीत आहे: दुरुस्ती, परवानगी आणि बिल्डरचा सल्ला

तुमचा प्रश्न आधी मला समजला तसा मांडतो. नागपूरच्या महाल भागात आजोबांच्या काळातला वाडा, महापालिकेच्या हेरिटेज यादीत ग्रेड तीन. मालक तिघे भाऊ, त्यातला एक पुण्यात. रस्त्याकडच्या गाळ्यांत जुने भाडेकरू. माडीवरचे कवेलू (छपराची कौलं) सरकलेत आणि दर पावसाळ्यात गळतं. महापालिकेत कुणीतरी सांगितलं, ‘हेरिटेज आहे, हात लावू नका.’ बिल्डर म्हणतो, धोकादायक इमारतीची नोटीस महापालिकेकडून काढवून घेऊ, मग हेरिटेजचा प्रश्नच मिटतो. इंग्लंडमधला भाचा सांगतो की तिकडे लिस्टेड, म्हणजे वारसा यादीतल्या, घराची खिडकीसुद्धा विचारल्याशिवाय बदलता येत नाही. आणि शेवटी तुम्ही वैतागून विचारलंय, की यादीत नाव येऊन वाड्याला संरक्षण मिळालं तरी काय?

मी नागपुरातच जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करणारा आर्किटेक्ट आहे. तुमच्यासारख्या वाड्यांच्या फायली घेऊन नगररचना विभागात बरेच हेलपाटे घातलेत. त्या अनुभवावरून सांगायचं तर यादी वाड्याला पाडण्यापासून बऱ्यापैकी वाचवते, गळण्यापासून अजिबात वाचवत नाही. जे तुम्हाला ‘हात लावू नका’ म्हणाले ते चूक बोलले. नियम सांगतो की हात लावण्याआधी विचारा. या दोन गोष्टींमधला फरक न कळल्यामुळे आपल्याकडे वाडे जातात.

कायद्याचं मूळ महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये आहे. या कायद्यात ‘विकास’ या शब्दाची व्याख्या आहे आणि जे जे त्या व्याख्येत बसतं त्याला महापालिकेची परवानगी लागते. साध्या घरात आतली डागडुजी केली तर कुणी विचारत नाही. पण हेरिटेज इमारत किंवा तिच्या परिसरातला कोणताही महत्त्वाचा किंवा रचनेतला बदल हा ‘विकास’ धरला जातो, अशी भर या व्याख्येत घातलेली आहे. सगळ्या हेरिटेज नियमांचा पाया हाच. मुंबईत १९९५ साली हेरिटेजची स्वतंत्र नियमावली आली, ती देशातली पहिली मानतात. पुढे राज्यातल्या इतर शहरांसाठी त्याच धर्तीवर तरतुदी झाल्या. नागपूरची यादी झाली, यादीतल्या इमारतींच्या अर्जांवर सल्ला देणारी हेरिटेज समिती झाली. आता राज्याची एकत्रीकृत नियमावली, म्हणजे डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली यूडीसीपीआर, नागपूरला लागू आहे. त्यात दुरुस्त्या होत असतात, म्हणून अर्ज करण्याच्या आठवड्यात आजचा मजकूर वाचून घ्या. जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका.

ग्रेडचा अर्थ नीट समजून घ्या, कारण तुमचं निम्मं उत्तर त्यात आहे. ग्रेड एक म्हणजे जिथे इमारत टिकवण्यासाठी आवश्यक तेवढंच काम, तेही जसं होतं तसंच. ग्रेड दोनमध्ये आतले बदल, नवा वापर, काही वेळा आवारात जोड बांधकामही छाननी करून मिळू शकतं. ग्रेड तीनची इमारत त्या रस्त्याच्या, त्या वस्तीच्या चेहऱ्यासाठी महत्त्वाची म्हणून यादीत असते. तिथे आतून-बाहेरून बदल, वापरात बदल, वाढीव बांधकाम हे साधारणपणे मान्य होऊ शकतं. अट एवढीच, की मूळ वास्तूशी ते मेळ खाणारं हवं आणि तिचा उठाव मारणारं नको. म्हणजे तुमच्या वाड्यात शौचालय आत आणता येईल, वायरिंग बदलता येईल, मागच्या चौकाकडे दोन खोल्या नीट करून भाड्याने देता येतील. दर्शनी भागाला काचेचा मुखवटा आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या मात्र नाहीत. तुम्हाला दरवाजा बंद आहे असं वाटतंय, पण ग्रेड तीनला तो बराच उघडा असतो.

आता एक गोष्ट लोकांना खटकते. परवानगी फक्त पाडकामाला किंवा नव्या मजल्याला लागते असा समज आहे. नियमाच्या भाषेत दुरुस्ती, नूतनीकरण, प्लास्टर, वैशिष्ट्यपूर्ण भाग बदलणं, अगदी रंगसुद्धा येतो. रंगाला कशाला परवानगी, असं मला प्रत्येक मालक विचारतो. कारण सांगतो. चुन्याच्या गिलाव्यावर प्लास्टिक पेंट मारला की भिंतीचा श्वास बंद होतो. जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडायला वाट मिळत नाही, ती आतल्या आत फिरते, क्षार वर येतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. मग कंत्राटदार म्हणतो, ‘जुना चुना मेलाय, सिमेंट मारू.’ सिमेंट मारलं की उरलीसुरली वाफही कोंडली जाते. सगळ्यात वाईट म्हणजे भिंतीत रुतलेली सागवानी तुळईची टोकं. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते. भिंतीच्या आतल्या वीतभर भागात स्क्रूड्रायव्हर टोचला की तो लोण्यात गेल्यासारखा आत जातो, लाकूड भुसभुशीत निघतं आणि मागून उधई दिसते. हे पाहिलं की कळतं, रंगाच्या डब्यापाशीच विचारपूस का ठेवलीय.

तुमच्या भाच्याने सांगितलं ते खरं आहे, फक्त तुलना अर्धी आहे. इंग्लंडमध्ये लिस्टेड इमारतींसाठी १९९० चा वेगळा कायदा आहे. तिथल्या स्थानिक प्राधिकरणाला लिस्टेड इमारतीवर परिणाम करणारी कुठलीही बांधकाम परवानगी देताना लिस्टेड इमारतीचाच नव्हे तर तिच्या आजूबाजूच्या दृश्याचाही विशेष विचार करणं बंधनकारक आहे. शिवाय मालक दुरुस्ती करत नसेल तर प्राधिकरण त्याला दुरुस्तीची नोटीस देऊ शकतं आणि तरी ऐकलं नाही तर इमारत सक्तीने संपादन करण्यापर्यंत जाऊ शकतं. आपल्या नियमांतही ‘देखभाल ही मालकाची जबाबदारी’ असं लिहिलेलं आहे. पण ते करून घेण्याची यंत्रणा आणि पैसा, दोन्ही बाजूंनी बोंब आहे. मालकाने वाडा नुसता सोडून दिला तर त्याला जाब विचारायला सहसा कुणी येत नाही. माझ्या मते नागपूरच्या हेरिटेज धोरणाचं सगळ्यात मोठं भगदाड हेच. पाडायला बंदी आहे, पडू द्यायला नाही.

यात आणखी एक भेद आहे. नागपुरात हेरिटेज म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर झिरो माइल, १९४० साली उद्घाटन झालेली हायकोर्टाची इमारत, सावनेरच्या वालुकाश्मात बांधलेलं १९२५ चं रेल्वे स्टेशन येतं. कस्तुरचंद पार्कसारखं अख्खं मैदान यादीत आहे आणि त्याच्या अवस्थेवरून प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलेलं आहे. या जागांना सरकारी मालक आहे, निदान कागदावर तरी देखभालीचं खातं आहे, वर्तमानपत्रांची नजर आहे. महाल, इतवारीतल्या खासगी वाड्याला यातलं काहीच नाही. नियम एकच, पण तो चालतो तो वेगवेगळ्या पायांवर.

बिल्डरच्या सल्ल्याकडे येतो, कारण तुम्ही खरं तर त्याचंच उत्तर शोधताय.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६४ वाचा. पडायला आलेल्या, धोकादायक बांधकामाबाबत आयुक्त मालकाला लेखी नोटीस देऊ शकतात. त्या नोटिशीत काय काय सांगता येतं? पाडणं, हटवणं, आधार देऊन सुरक्षित करणं किंवा दुरुस्त करणं. बिल्डर यातला पहिला शब्द वाचतो आणि तुम्हालाही तेवढाच वाचून दाखवतो. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं संरचनात्मक तपासणी प्रमाणपत्र घेणं मालकाला बंधनकारक आहे, तेही याच कायद्यात, कलम २६५-अ मध्ये. तपासणीनंतर इमारतीचे वर्ग पडतात. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी, सी-२बी म्हणजे राहत असताना दुरुस्त होण्याजोगी आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून मी वर्ग सांगणार नाही, फोटोवरून कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण कवेलू सरकणं, एका कोपऱ्यात ओल, माडीचे दोन खण खचणं एवढ्यावर वाडा सी-१ मध्ये जात नाही. जात असेल तर तपासणाऱ्याने आरसीसीचा चष्मा लावून चुना-विटेकडे पाहिलंय. रिबाउंड हॅमर, म्हणजे पृष्ठभागावर ठोकून ताकद मोजायचं उपकरण, त्याचे आकडे काँक्रीटसाठी असतात. दोन फूट जाडीच्या चुन्याच्या भिंतीला तो ठोकून ‘ताकद कमी’ असा शेरा मारलेले अहवाल मी वाचलेत. संरक्षित इमारतींचा अनुभव असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा शोधा, फी जास्त पडली तरी.

आणि समजा, सी-१ ची नोटीस आलीच. तरी हेरिटेज यादीतलं नाव आपोआप गळत नाही. यादीत भर घालणं, नाव वगळणं, ग्रेड बदलणं यासाठी महापालिकेचा प्रस्ताव, लोकांच्या हरकती-सूचना आणि शेवटी राज्य शासनाची मंजुरी लागते. यादीतली इमारत पाडायच्या किंवा तिच्यात मोठा बदल करायच्या अर्जावरही जाहीर हरकती मागवून समितीने विचार करायचा असतो. ग्रेड तीनची इमारत खरोखरच मोडकळीला आली असेल, आग किंवा तशा आपत्तीत सापडली असेल, तर पुनर्बांधणीला वाव आहे, हे मी लपवणार नाही. पण तो रस्ता समितीच्या टेबलावरून जातो, रात्रीतून आलेल्या जेसीबीवरून नाही. परवानगीशिवाय पाडलं किंवा मुद्दाम नासू दिलं हे सिद्ध झालं, तर त्या जागेवर नवी परवानगीच अडते. विचार झालाच तर मूळ इमारतीएवढ्याच बांधीव क्षेत्राचा, त्याच रूपात. बिल्डरने तुम्हाला दाखवलेली सात मजल्यांची रंगीत चित्रं तिथेच संपतात.

फौजदारी बाजू फारशी धाक घालणारी नाही, हेही सांगून टाकतो. १९६६ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये अनधिकृत विकासाला एक महिना ते तीन वर्षं कैद आहे, आणि दंड दोन ते पाच हजार रुपये. महालातल्या जागेचा भाव बघता पाच हजारांना कोण भितो! म्हणून मी अशिलांना कैदेची भीती घालत नाही, नव्या बांधकामाला परवानगीच मिळणार नाही हे सांगतो. तो आकडा त्यांना लगेच कळतो.

अजून एक पळवाट कानावर येते: अर्ज टाका, साठ दिवस थांबा, उत्तर नाही आलं की मंजुरी मिळाली असं समजा. त्याच १९६६ च्या कायद्याच्या कलम ४५ मध्ये तशी मानीव परवानगीची तरतूद आहे खरी, पण त्यालाच अट आहे की प्रस्ताव नियमावलीशी काटेकोर जुळणारा हवा. हेरिटेज इमारतीत नियमावलीच समितीचा सल्ला मागते. तो न घेता प्रस्ताव नियमाशी जुळला कसा म्हणणार? या भरवशावर वासा जरी हलवलात तरी शेजाऱ्याच्या एका तक्रारीत काम थांबेल.

मग करायचं काय? तुमच्या जागी मी असतो तर दुरुस्तीचे दोन तुकडे केले असते. पहिला तुकडा छपराचा. पावसाळ्याच्या आधी ताडपत्री आणि लाकडी टेकू हे तात्पुरते उपाय करा, फोटो काढा आणि त्याच दिवशी नगररचना विभागाला पत्र देऊन पोच घ्या. जीव वाचवण्यासाठी दिलेल्या टेकूवरून कुणी त्रास दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही, पण पोच खिशात असली की बोलणं सोपं जातं. दुसरा तुकडा म्हणजे रीतसर अर्ज. त्यात वाड्याचं मोजमाप घेऊन केलेले नकाशे हवेत, म्हणजे आहे तसा वाडा: प्रत्येक खण, खांब, कमानीचा उतार, दिंडी दरवाजा. चारही बाजूंचे फोटो, नकाशावर फोटोचा क्रमांक टाकून. नुकसान कुठे आहे ते वेगळ्या रंगात. आणि कामाची पद्धत लिहिलेली: कवेलू उतरवून चांगले वेगळे काढणार, फुटलेल्यांच्या जागी त्याच मापाचे जुन्या बाजारातून आणणार, कुजलेल्या तुळईचं टोक कापून सागाचाच जोड देणार, गिलावा चुना-सुरखीचाच. ‘आवश्यकतेनुसार दुरुस्ती’ असा एका ओळीचा अर्ज टाकलात तर समिती शंका घेणारच, मीही घेतली असती.

या समितीबद्दल लोकांच्या मनात फार अढी असते. ती सल्ला देते, परवानगी आयुक्त देतात. आयुक्तांना सल्ला डावलायचा असेल तर लेखी कारणं नोंदवावी लागतात. सदस्यांत वास्तुरचनाकार, संरचना अभियंता, इतिहासाचे जाणकार असतात. बैठका कधी लवकर लागतात, कधी लांबतात, त्याचा अंदाज मी देत नाही. तयार फाईल एका बैठकीत सुटते आणि अर्धवट फाईल प्रत्येक बैठकीत नवा प्रश्न घेऊन परत येते, हे मात्र बघत आलोय. एका वाड्याच्या मालकांनी समितीसमोर तुळईखालच्या जुन्या कोरीव लाकडी कंसाचा तुकडाच पिशवीतून काढून ठेवला आणि ‘हा असा करणारा सुतार रामटेकला सापडलाय’ म्हणून सांगितलं. पुढची चर्चा परवानगी द्यायची की नाही यावरून उडून लाकूड कुठून आणणार यावर गेली.

आता पैशांचं. इथे बरंच काही परिस्थितीवर आहे. हेरिटेजच्या बंधनामुळे जे बांधकाम तुम्हाला करता येत नाही, त्याच्या मोबदल्यात हेरिटेज टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याची तरतूद नियमावलीत आहे. तो बाजारात विकता येतो, पण आधी वाडा जतन करण्याची हमी द्यावी लागते. तुमच्या प्लॉटला मुळात किती एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) मिळाला असता, रस्त्याची रुंदी किती, सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर क्षेत्र काय, तिघा भावांची नावं चढलीत का, यावर टीडीआर मिळणार की नाही आणि किती, हे ठरतं. तिघांपैकी एकाची सही अडली तर सगळंच अडतं, म्हणून पुण्याच्या भावाशी आधी बोला. वापर बदलूनही उत्पन्न येतं: राहत्या वाड्यात छोटं कार्यालय, हातमागाचं दुकान, पाहुण्यांच्या खोल्या. जतनासाठी गरज असेल तर पार्किंग, इमारतीभोवती सोडायचं अंतर यांसारखे इतर नियम शिथिल करण्याचा अधिकारही आयुक्तांना समितीच्या संमतीने आहे. हे कुणी आपणहून सांगत नाही, अर्जात लेखी मागावं लागतं.

भाडेकरूंना शत्रू धरू नका. दुरुस्तीची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर आहे, आणि गाळेधारकांना वाडा उभा राहण्यातच रस असतो. पुनर्विकासात त्यांना काय मिळणार हे बिल्डरच्या तोंडी बोलण्यावर असतं, हे तेही जाणतात. दोघांनी मिळून सही केलेला दुरुस्तीचा अर्ज समितीपुढे वजनदार ठरतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण महाल म्हटल्यावर सांगायलाच हवी. केळीबाग रोडसारखं रुंदीकरण तुमच्या गल्लीतही आखलेलं असू शकतं. विकास आराखड्याचा भाग नकाशा काढून बघा, रुंदीकरणाची रेषा वाड्याच्या ओसरीतून जाते का ते. हेरिटेज नियमांत तरतूद आहे की अशी रेषा अमलात आणण्याआधी यादीतल्या इमारतीचा विचार करून ती बदलता येते. पण त्यासाठी रेषा ओसरीवरून जाते हे तुम्ही आधी, लेखी, नकाशासकट सांगितलेलं हवं. मोजणीवाले दारात खडूने खूण करून गेल्यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो.

वाडा खरोखर कोणत्या यादीत आहे तेही एकदा तपासा. महापालिकेची यादी वेगळी, राज्य पुरातत्त्वाची वेगळी, केंद्राची वेगळी. केंद्र संरक्षित स्मारक जवळ असेल तर शंभर मीटरांत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत वेगळी परवानगी, हा दुसराच कायदा लागतो. बहुतेक खासगी वाड्यांचं नाव फक्त महापालिकेच्या यादीत असतं, आणि तुमचंही तिथेच असावं. अधिसूचनेतली तुमच्या वाड्याची ओळ, त्यातला अनुक्रमांक आणि ग्रेड, यांची प्रमाणित प्रत माहितीच्या अधिकारात मागून घ्या. बिल्डरशी पुढचं बोलणं ती प्रत हातात आल्यावरच करा, आणि नोटीस ‘काढवून घेण्या’साठी त्याला कुठल्याही कागदावर सही देऊ नका.